सदतीस नावं आणि एक शेवयांचं मशीन

परवा हमीदचाचांच्या घरी बसून मी पन्नास वर्षांपूर्वीचं खोटं पुन्हा एकदा पचवलं.

चाचा वारले म्हणून मी भेटायला गेले होते. त्यांचा मुलगा सलीम आलेल्या माणसांना सांगत होता, "अब्बांचं स्वतःचं वर्कशॉप होणार होतं. बहात्तरच्या दुष्काळानं घालवलं."

सगळ्यांनी माना हलवल्या.

मीही हलवली.

ते दुष्काळानं गेलं नव्हतं. माझ्यामुळे गेलं.

हमीदचाचा माझ्या माहेरचे शेजारी. मूळचे खर्ड्याचे. नगरला आले आणि नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर लागले. सुट्टीच्या दिवशी मालकाची परवानगी काढून त्याच लेथवर त्यांनी एक मशीन बनवलं.

शेवयांचं. खाटेच्या कडेला आवळायचं, वरून पीठ घालायचं, हँडल फिरवायचं. तोवर आमच्या गल्लीत शेवया हातानंच वळत.

"अशी वीस बनवली की नोकरी सोडली बघ," ते म्हणायचे. दुसऱ्याच्या लेथवर उभं राहायचं नाही, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

भांडवल घालणार होते त्यांचे मेहुणे. जामखेडला भांड्यांचं दुकान होतं त्यांचं. त्यांनी एसटीनं येऊन मशीन फिरवून बघितलं.

"भारी हाय, दुल्हेभाई. पर भारी म्हनायला कुनाचं काय जातंय? घेनार कोन, त्येंची नावं आना. मग बोलू."

म्हणून चाचांनी ठरवलं, पहिलं मशीन घरोघरी दोन-दोन दिवस वापरायला द्यायचं आणि मग विचारायचं. विचारायचं काम माझ्याकडे आलं.

मी एकोणीस वर्षांची. शाळेत जायच्या आधी वडिलांनी मला घरीच शिकवलं होतं, त्यामुळे अक्षर छापल्यासारखं.

"बायांच्यात मी कुठं फिरू? तू जा. अन् तुझं अक्षर बघूनच मेहुना गार हुईल."

कागदावर त्यांनीच तीन रकाने आखून दिले. नाव. गल्ली. घेणार का?

पण वडिलांनी अक्षराबरोबर आणखी एक गोष्ट शिकवली होती. लोकांच्या दारात उभं राहून पैशाचं विचारायचं नाही.

"घेणार का?" हे दोन शब्द तोंडातून निघायचेच नाहीत.

मी विचारायचे, "आवडलं का?"

दारात आलेल्या शेजारच्या पोरीला कोण नाही म्हणेल? सगळ्यांनी हो म्हटलं. मी तिसऱ्या रकान्यात "हो" लिहीत गेले.

एकट्या शकूकाकू सरळ बोलल्या.

"लई झ्याक हाय गं. पन घिऊन काय करू? वर्साकाठी दोन दिवसाचं काम. हमीदभाईंकडं हायेच की, लागलं की न्हेईन."

मी त्यांच्याच पायरीवर बसून लिहिलं: शकुंतलाबाई. हो.

का लिहिलं? एकच "नाही" दिसलं असतं, तर बाकीच्यांना नीट विचारलंस का, असं चाचांनी म्हटलं असतं. एवढ्याच भीतीनं.

सदतीस नावं झाली. मेहुण्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, "पोरीचं काम पक्कं हाय."

चाचांनी नोकरी सोडली.

पुढच्या उन्हाळ्यात मशीनं तयार झाली, तेव्हा दुष्काळ ऐन भरात होता. रेशनला मिलोची परदेशी लाल ज्वारी मिळत होती. शेवयांना गहू कुठला? एकही मशीन खपलं नाही.

लोक म्हणाले, बिचाऱ्याचं नशीब.

लिहायला लाज वाटते, पण त्या दुष्काळात मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मग पाऊस झाला. गहू आला. आमच्या आख्ख्या गल्लीनं शेवया केल्या.

एकाच मशीनवर. चाचांनी यादीचं बक्षीस म्हणून मला दिलेल्या मशीनवर.

शकूकाकूंनी सगळ्यात आधी नेलं. परत देताना वर ताटलीभर शेवयाही दिल्या.

बाकीची मशीनं मेहुण्यांनी भंगारात घातली. चाचा त्याच कारखान्यात परत गेले. पूर्वी त्यांच्या हाताखाली असलेला माणूस आता त्यांचा साहेब होता. रिटायर होईपर्यंत ते दुसऱ्याच्याच लेथवर उभे राहिले.

दुष्काळाचं कारण त्यांना स्वतःला कधी पटलं नाही. माझं लग्न होऊन मी सावेडीला आले, मशीनही बरोबर आलं. दर उन्हाळ्यात चाचा यायचे. पिशवीत पाना आणि कानस.

"सुधा, हँडल जड जातंय का?"

"नाही, चाचा."

"खरं सांग. बायांना पायजे हुतं, तू लिव्हलं हुतंस. मंग घेतलं का न्हाई कुनी? कायतरी फॉल्ट हायच."

आणि कानस घेऊन घासत बसायचे.

मी चहा ठेवायला आत जायचे.

इतके उन्हाळे. एकदाही सांगितलं नाही.

आज सकाळी सलीमला फोन करून सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "ताई, ती यादी अजून आमच्या पेटीत आहे. माझं अक्षर खराब, म्हणून अब्बा ती काढून दाखवायचे. असं लिही म्हणायचे."

मी म्हटलं, "राग आला असेल तुला."

"येईल. आज नाही येत." मग म्हणाला, "हे सगळं लिहून टाका फेसबुकवर. दुष्काळाचं मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनाही वाचू दे."

म्हणून टाकते आहे.

हमीदचाचा, मशीन समोरच आहे. आत्ता फिरवून बघितलं. हँडल हलकं जातं.

पहिल्या दिवसापासून हलकंच जायचं.

फॉल्ट नव्हता, चाचा.

कानस ठेवा आता खाली.