रिक्षा बंद, गोळ्या बंद

"पाय वाचणार नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "गँगरीन झालंय. म्हणजे रक्त पोचत नाही आणि मांस सडत जातं. ते आणखी वर चढायच्या आत गुडघ्याखालून पाय काढावा लागेल."

माझे मिस्टर स्ट्रेचरवर पडून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "उजवाच ना?"

रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाने दाबतात. मॅडमना ते कुठून ठाऊक असणार? त्या म्हणाल्या, "हो, उजवा."

ही दुसऱ्या लॉकडाऊननंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. ज्यांच्या घरात शुगर आहे आणि ज्यांचं पोट हातावर आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मिस्टर लोणावळ्यात रिक्षा चालवायचे. स्टेशनवर उतरलेल्या पर्यटकांना हॉटेलांवर सोडायचे. रिक्षा हिरामावशींची. त्यांचे यजमान वारल्यावर परमिट मावशींच्या नावावर झालं आणि गाडी रोजच्या भाड्याने यांच्याकडे आली. लॉकडाऊन लागला तशी ती मावशींच्या दारात ताडपत्रीखाली उभी राहिली. आम्हाला खोलीचं भाडं झेपेना, म्हणून आम्ही आंदर मावळातल्या गावी, दिरांच्या घरी आलो.

तेवढ्यात सरकारने रिक्षावाल्यांना मदत जाहीर केली. मिस्टरांनी लगेच स्टँडवरच्या मित्राला फोन लावला.

"दत्तू, पैसं परमिटवाल्याला हायेत," तो म्हणाला. "तुझ्याकडं लायसन हाय, बॅज हाय. परमिट कुटं हाय?"

"म्हंजे चालवणाऱ्याला न्हाई?"

"न्हाई."

मी म्हटलं, मावशींना विचारून तरी बघा. मिस्टर म्हणाले, "तिचं तरी कुटं काय चाललंय? माझ्या भाड्यावर तिची चूल पेटायची." त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

त्याच दिवसांत त्यांच्या शुगरच्या गोळ्या संपल्या. मला कळलंच नाही, कारण गोळ्यांचं पाकीट खिशात असायचं, फक्त रिकामं. एसटी बंद होती आणि सरकारी दवाखाना लांब. तिथे गेलं की आधी कोरोनाची टेस्ट करतात आणि पॉझिटिव्ह निघालं की उचलून नेतात, ही धास्ती सगळ्या गावाला होती. "बसून तर हाय मी. गोळ्यांवाचून चालतंय," असं त्यांनी दिरांना सांगितलं होतं.

आषाढात भातलावणी आली. मिस्टर दुसऱ्यांच्या खाचरात कामाला जायला लागले. मजुरीत तांदूळ मिळायचे. वर्षानुवर्षं सीटवर बसून काम केलेला माणूस दिवसभर अनवाणी चिखलात उभा. एकदा ते पाय धुऊन ओट्यावर बसले होते, तेव्हा मला त्यांच्या तळव्यात रुतलेला काचेचा तुकडा दिसला.

"दुखत न्हाई का?"

"काय पण न्हाई."

मी काच काढली, जखमेत हळद भरली. दुखत नाही म्हणतात, तर मलाही बरं वाटलं.

मॅडमनी नंतर समजावलं, याला न्यूरोपॅथी म्हणतात. शुगर वाढून पायाच्या नसा निकामी होतात आणि दुखलेलं कळतच नाही. दुखत नाही, म्हणूनच घाबरायचं असतं.

जखम काळी पडली. तिला वास यायला लागला. मग थंडी वाजून ताप भरला. शेजारचे म्हणाले कोरोनाच आहे, आणि आमच्या ओट्यावर यायचे बंद झाले. गाडी कुणी देईना. शेवटी एक दूधवाला तयार झाला. दिरांनी आणि त्याने मिस्टरांना टेंपोत, कॅनच्या मधल्या जागेत झोपवलं आणि आम्ही तळेगाव गाठलं.

तिथे आधी कोरोनाची टेस्ट. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही बाहेर पत्र्याखाली बसून होतो. मिस्टर तापात बडबडत होते. निगेटिव्ह आल्यावर मला वाटलं, सुटलो. मग पायाचा डॉपलर केला. त्यात रक्त कुठवर वाहतंय ते मशिनवर ऐकतात. घोट्यापाशी मशिन गप्प झालं.

दिरांनी विचारलं, "चार दिस आधी आणलं असतं तर?"

"गोळ्या संपल्या तेव्हा यायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात."

दीर भिंतीला टेकून खाली बसले.

ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. शुद्धीवर आल्यावर मिस्टर म्हणायचे, पायाची बोटं आवळतायत. नसलेला पाय दुखतो, त्याला फँटम पेन म्हणतात. झोपेत त्यांची उजवी मांडी एकदम ताठ व्हायची. मला कळायचं, ते ब्रेक दाबतायत.

हिरामावशी भेटायला आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि नोटा उशीखाली सरकवल्या.

"दत्तू, सरकारनं माझ्या खात्यात घातलं. गाडी तर तू चालवत हुतास. अर्धं तुझं."

"मावशी, गाडीला आता दुसरा माणूस बघा."

"बघीन. हे राहू दे."

मावशी गेल्यावर मिस्टरांनी तोंड भिंतीकडे केलं. "हे लावणीच्या आदी आलं असतं, तर मी चिखलात उतरलो नसतो," ते म्हणाले. खरंच होतं ते.

आता आम्ही पुन्हा लोणावळ्यात राहतो. मी चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला जाते. मिस्टर कृत्रिम पाय लावून घरात फिरतात, जास्त वेळ तो सोसत नाही. मावशींच्या रिक्षावर दुसरा ड्रायव्हर आहे. मावशी, तो दूधवाला आणि त्या मॅडम, या तिघांमुळे माणूस तरी राहिला, हे मी विसरत नाही. पण तुमच्याकडे कामधंदा बंद पडला, तर घरातल्या माणसाच्या गोळ्या स्वतःच्या हाताने मोजा. त्याच्या शब्दावर जाऊ नका.

डिस्चार्ज देताना मॅडमनी बजावलं होतं, उरलेला पाय रोज तपासायचा. संध्याकाळी मी तो धुऊन मांडीवर घेते, बोटांच्या बेचक्यांतून, टाचेवरून हात फिरवते. मिस्टर पायाकडे बघत नाहीत. तळव्याला काही झालं, तर ते त्यांना कळायचं नाही. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतात.