विस्तव्याचा शेवट

संध्याकाळी वीज गेली की बाबा जिन्यात येऊन बसायचे. भारनियमनाचे दिवस होते ते. वसईजवळच्या गोखिवऱ्यातल्या आमच्या इमारतीत तेव्हा कुणाकडेच इन्व्हर्टर नव्हता. घरात उकडायचं, गच्चीवर डास फोडून काढायचे, म्हणून दुसऱ्या मजल्याचा जिना. तिथे सिमेंटच्या जाळीतून थोडा वारा यायचा. बाबा वरच्या पायरीवर, आम्ही इमारतीतली सगळी पोरं खालच्या पायऱ्यांवर दाटीवाटीनं, आणि आमच्या दारात आई. ती लसूण सोलत असायची, नाहीतर नुसतीच पदरानं वारा घेत.

बाबा मूळचे संगमेश्वरकडचे. वालीवला प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. दिवसभर मशिनच्या घरघरीत ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळे संध्याकाळी आवाज पार बसलेला असायचा. त्या बसक्या आवाजातच आम्हाला विस्तव्या भेटला.

विस्तव्या म्हणजे काचेच्या कारखान्यातला भट्टीवाला. मालकानं बाहेरून कडी घातली, आत आग लागली आणि तो त्यात गेला. पण गेला तरी संपला नाही. आता आग त्याचं ऐकते. त्यानं बोट दाखवलं की पडदा पेटतो, फुंकर मारली की बंबवाल्यांच्या अंगावर ज्वाळा येतात. ज्यांनी ज्यांनी त्याला आत सोडून पळ काढला, त्यांना तो एकेक करून शोधतोय. आणि त्याच्या मागावर आहे एक गुप्तहेर बाई. तिला मेलेल्यांचं बोलणं ऐकू येतं. जळक्या भिंतीला कान लावायचा आणि ऐकायचं.

"काय ऐकू आलं तिला?" आम्ही विचारायचो.

"ते उद्या," म्हणत बाबा काडी ओढायचे. क्षणभर त्यांचा चेहरा खालून उजळायचा, नाकाची सावली कपाळावर जायची, आणि फूं! अंधार. खालच्या मजल्यावरची पोरं एकमेकांचे हात धरून घरी जायची. माझा धाकटा भाऊ तर गॅस पेटवायच्या आवाजालाही दचकायचा. आई चिडून म्हणायची, "पोरांना रात्री मुतायला कोन नेनार आहे, तुम्ही?"

आई वसईचीच, खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली. ती 'पानी' म्हणायची, 'कोन' म्हणायची. इमारतीतल्या बायका हसतील म्हणून जिन्यात ती फारसं बोलत नसे. गोष्ट सांगायचं काम बाबांचं, असं तिनंही गृहीतच धरलं होतं.

मग ती मे महिन्यातली दुपार आली. गॅलरीतून वालीवच्या बाजूला काळा धूर दिसला. आधी एक दोरी, मग भिंतच्या भिंत. प्लास्टिक जळल्याचा वास आमच्यापर्यंत आला तशी आई चप्पल न घालताच खाली उतरली. शेजारचे काका स्कूटर काढून बघायला गेले. आई फाटकाशी उभी राहिली, आणि मी तिच्या पदराला धरून. तिनं मला एकदाही वर जा म्हटलं नाही, यावरूनच मला कळलं की काहीतरी मोठं आहे.

बाबा दिवेलागणीला चालत आले. शर्ट काळा, भुवया करपलेल्या. म्हणाले, "गोडाऊन गेलं. माणसं सगळी बाहेर आली." एवढंच.

आईनं त्यांना न्हाणीत बसवून अंगावर पाणी घातलं. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. आतून बाबांचा आवाज आला. एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"वॉचमनला मीच ओढून काढला. पाठ भाजली त्याची. तो पाणी पाणी करत होता गं. माझ्या हातात तांब्या होता. लोक ओरडायला लागले, भाजलेल्याला पाणी पाजू नका, मरेल. मी तसाच तांब्या धरून उभा राहिलो. गाडीत घालेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता."

पाणी ओतल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

त्यानंतर वीज जायची, पण बाबा जिन्यात येत नसत. आत पलंगावर आडवे पडून राहायचे. वॉचमन इस्पितळात होता, हळूहळू सुधारत होता. कारखान्यातले लोक त्याला भेटून येत होते. बाबा मात्र गेले नाहीत. आम्हा पोरांना यातलं अर्धंमुर्धंच कळत होतं. आम्ही दाराशी घोळका करायचो. "काका, विस्तव्याचं पुढे काय झालं?" बाबा भिंतीकडे कूस वळवायचे. एकदा माझ्या भावानं फारच लकडा लावला, तेव्हा ते म्हणाले, "विस्तव्या बिस्तव्या कुणी नसतं. जा, खेळा."

भाऊ रडायला लागला. तेव्हा आई हातातलं भांडं खाली ठेवून उठली, बाहेर गेली आणि बाबांच्या पायरीवर बसली. पदर खोचला. आम्ही बघतच राहिलो.

"विस्तव्या," ती म्हणाली, "आमच्या गावाला आला."

कुणीतरी फिसकन हसलं. तिनं लक्ष दिलं नाही.

"शेवटचा मानूस राहिला होता ना त्याचा, तो आमच्या गावात लपून बसलेला. विस्तव्या बांधावरनं चालत आला. पाय टेकेल तिथलं गवत जळायचं. माडाच्या झावळ्या पेटल्या, पेंढ्याच्या उडव्या पेटल्या. माग काढत ती गुप्तहेर बाईपन आली. गावातले सगळे पळाले होडीत बसून. एक म्हातारी तेवढी राहिली. तिचे गुडघे दुखायचे, ती कुठं पळनार? ओट्यावर बसून राहिली. विस्तव्या समोर आला. म्हनाला, बाजूला हो, मी हे घर जाळनार. म्हातारीनं त्याला नीट बघितलं. म्हनाली, उन्हातनं आलास. पानी पी आधी. मग जाळ काय जाळायचं ते."

आई एरवी ज्या बोलीची लाज बाळगायची, त्याच बोलीत गोष्ट पुढे जात होती आणि कुणालाही हसू येत नव्हतं.

"मग?" माझा भाऊ म्हणाला.

"मग काय. त्याला कोनी असं बोललंच नव्हतं. आग लागली तेव्हा तो आतनं तेच मागत होता, पानी. भिंतीला कान लावून त्या बाईला तेवढंच ऐकू यायचं, पन ती समजायची काहीतरी गुपित सांगतोय. म्हातारीनं कळशीतलं पानी भांड्यात ओतलं. विस्तव्यानं भांडं धरलं. तो बसला ओट्यावर, आनि प्यायला. घोट घोट. एक भांडं, दोन भांडी, अख्खी कळशी संपली. हात गार पडले त्याचे. सूड-बीड सगळं विसरला. म्हनाला, आजी, बरं वाटलं."

मागे हालचाल झाली. बाबा दारात येऊन उभे होते, बनियनवर, चौकटीला हात टेकून. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"त्याला राग नाही आला?" त्यांनी विचारलं. पोरांसारखंच विचारलं. "पाणी इतक्या उशिरा मिळालं म्हणून?"

आईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तहान लागलेला मानूस पानी बघतो," ती म्हणाली. "कधी दिलं ते नाय बघत."

बाबा आत गेले. वीज आली तेव्हा ते न्हाणीत तोंड धूत होते, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी ते इस्पितळात गेले, आईनं केलेलं कोकम सरबत बाटलीत घेऊन. परत आले ते भुकेले. जेवता जेवता म्हणाले, "अगं, त्याला काही आठवतच नाही. तांब्या नाही, पाणी नाही. म्हणतो, साहब, आपने ही तो उठाया था. मला धरून रडला. बायकोला दाखवत होता, हेच ते म्हणून." मग खाली बघून त्यांनी भात कालवला. "सरबत सगळं प्यायला." आईनं आणखी आमटी वाढली.

बाबा पुन्हा जिन्यात बसायला लागले, पण ऐकणाऱ्यांत. सांगायची आई. खाडीतल्या मगरीची गोष्ट, मिठागरावर दिसणाऱ्या पांढऱ्या बाईची, तिच्या आज्याच्या रेड्याची. इमारतीतल्या बायकाही खुर्च्या घेऊन यायला लागल्या. कुणी तिचं 'पानी' दुरुस्त केलं नाही. उलट खालच्या मजल्यावरची एक मुलगी कितीतरी दिवस स्वतःच 'पानी' म्हणत फिरत होती, आणि तिची आई वैतागली होती.

पुढे वीज जायची बंद झाली, आणि जिना नुसता जायचा-यायचा राहिला. मी लग्न होऊन विरारला आले. आई आता जून लागला की माझ्या मामाकडे गावी जाते, भाताच्या लावणीला हात लावल्याशिवाय तिला चैन पडत नाही. गेल्या वर्षी माझी मुलगी तिच्याबरोबर गेली होती. मी न्यायला गेले तर दोघी पडवीत बसलेल्या, आणि आईची गोष्ट रंगात आलेली. ती रेकॉर्ड करून ठेवावी म्हणून मी हळूच फोन काढला. आई थांबली.

"ते ठेव," ती म्हणाली. "ऐकायचं तर बस हितं."

मी फोन पिशवीत टाकला आणि मुलीला सरकायला सांगून बसले.