वॉरंटवाले बापूजी

सावली तालुक्यात बापूजी भोयरांना आडनावाने कोणी ओळखत नसे. ‘वॉरंटवाले बापूजी’ म्हटलं की काम भागायचं. होते हवालदार, पण स्वभाव असा, की रस्त्यात मांजर आडवं आलं तर हेच सायकलवरून उतरून त्याला वाट देतील. ठाण्यात वॉरंटांचं काम कुणालाच नको असायचं. सायकल हाणत गावोगाव हिंडा, आणि माणूस सापडला नाही की साहेबाची बोलणी खा. ते काम एकदा बापूजींच्या गळ्यात पडलं ते निवृत्तीपर्यंत गळ्यातच राहिलं.

त्यांनी त्या कामाची एक रीत बसवली होती. कोणाला न्यायचं असलं, की आदल्या दिवशी गावच्या कोतवालाकडून निरोप धाडायचा, “उद्या बापूजी येऊन राह्यले. जेवून तयार राहजो, जामीनदार पाहून ठेवजो.” भरल्या ताटावरून कोणाला उठवायचं नाही, पोराबाळांसमोर दंडाला धरायचं नाही. साहेब तडकायचे, “हवालदार, तुमी धराले जाता का लग्नाचं बोलावणं कराले?” पण मजा अशी, की बापूजींची माणसं पळत नसत. धुतलेले कपडे घालून ओसरीवर बसलेली असत.

पळाला तो एकच. मोहटोल्याचा कोलू मडावी.

आणि त्याचा गुन्हा तो केवढा! शहाण्णव साली मालकाच्या ट्रॅक्टरवर वरात घेऊन गेला. ट्रॉलीत माणसं कोंबलेली, खिशात लायसन नाही. वाटेत पोलिसांनी चालान फाडलं. कोर्टाची तारीख पडली नेमकी धानाच्या रोवण्यात, आणि चिखल केलेली भाताची बांधी सोडून तारखेला जाणारा माणूस त्या मुलखात अजून जन्मायचा आहे. कोलू गेला नाही. पुढच्याही तारखेला गेला नाही. मग वॉरंट निघालं. गेला असता तर थोडा दंड भरून संध्याकाळी घरी आला असता.

बापूजींनी रीतीप्रमाणे कोतवाल जंगूच्या हाती निरोप दिला. पण त्या घरावर काय गुदरलं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. कोलूचा चुलतभाऊ लालसू आतल्या जंगलात राहायचा. नक्षलवाद्यांना जेवू घातलं, या संशयावरून त्याला पोलिसांनी नेलं होतं. त्यालाही आधी असंच सांगितलं होतं, जेवून घे, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तो परत आला दीड वर्षाने, लंगडत. जंगूचं बोलणं ऐकलं आणि कोलू हातातला घास टाकून उठला. मागे उरली बायको मनकर्णा आणि तिच्या कडेवरची दिव्यानी.

दुसऱ्या दिवशी बापूजी पोचले, तर मनकर्णा दार अडवून उभी. “कोठी गेला मले नाई मालूम, जमादार.” बापूजींनी ‘मिळून आला नाही’ असं लिहून दिलं, पण जिवाला चुटपुट लागून राहिली. आपल्या निरोपाने एका गरिबाने घर सोडलं. आता कोलूला घरी आणायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. दोन-चार महिने झाले की सायकल मोहटोल्याकडे वळायचीच. “बाई, काई होत नाई. मी सोता त्याच्यासंगं कोर्टात उभा राहतो. बोलाव त्याले.” मनकर्णा जमिनीकडे बघत तेच उत्तर द्यायची.

घरी बायको वच्छलाबाई करवादायच्या, “तुमी काऊन जाता त्या बाईच्या दारी? सोडा ना पिच्छा.”

“लेकरू बापाबिना वाढून राह्यलं,” बापूजी म्हणायचे.

चार वर्षांनी कोर्टाने जुनी बारीकसारीक प्रकरणं एकदम बंद केली. त्यात कोलूचंही सुटलं. बापूजी हरखले. नक्कल काढून रजेच्या दिवशी, साध्या कपड्यात, मोहटोल्याला गेले. अंगणात बसून कागद वाचून दाखवला. “केस संपली, बाई! वॉरंट रद्द झालं. आता कोणी त्याले हात लावत नाई.” मनकर्णाने कागदावरचा शिक्का पाहिला आणि दिव्यानीला आत ढकललं. जंगूनेही समजावलं. पण पहिला निरोप आणला होता जंगूनेच, त्याचं ती काय ऐकणार? तरी बापूजी जात राहिले. आता धरायला नाही, सांगायला.

दोन हजार चार साली ते निवृत्त झाले. नारळ-शाल घेऊन घरी आले, आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा सायकल काढली. आता तर आपण पोलीसही नाही, आता ती नक्की ऐकेल, असं त्यांना वाटलं. बाजारातून दिव्यानीसाठी जिलबी बांधून घेतली. म्हातारा त्या दिवशी वाटेत गुणगुणत होता.

मनकर्णा अंगणात धान पाखडत होती. हात उघडे होते, कपाळ मोकळं होतं. बापूजींनी सायकल भिंतीला टेकवली.

“कवा?” त्यांनी विचारलं.

“थंडीत. ताप आला म्हंते. तिकडंच जाळलं त्याले, तेलंगणात. मिरचीच्या वावरात होता सारे दिवस.”

“तुले मालूम होतं?”

“मालूम होतं. मिरची तोडाले जाणाऱ्या बायांच्या हाती दरसाली निरोप धाडे, येऊ का म्हणून.” मनकर्णाने सूप खाली ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बापूजींना सोसायला सोपं गेलं असतं. “मी सांगो, नोको येऊ. जमादार अजून येते. केस खरंच संपली असती, तं पोलीस काऊन आला असता घडीघडी?”

बापूजींच्या हातातली पुडी तशीच राहिली.

“तुमी येणं सोडलं असतं ना भाऊ,” ती म्हणाली, “तं तो आला असता.”

बापूजी मटकन खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडू लागले. मनकर्णाने त्यांना रडू दिलं.