करगोट्याला बांधलेली गाडी

सापगावच्या बाजूला दोन-तीन मोटरसायकली चोरीला गेल्या आणि आमच्या घरात गाडी आत, माणसं बाहेर असं झालं. हुकूम सासऱ्यांचा. त्यांना मी मामा म्हणते. नवऱ्यानं हौसेनं घेतलेली काळी मोटरसायकल तोवर अंगणात आंब्याखाली उभी असायची आणि तिच्यावर कोंबड्या बसायच्या. आता तिच्यासाठी उंबऱ्याला फळी लागली, ओटीवरच्या भाताच्या कणग्या मागच्या दारी गेल्या आणि सासूबाईंचं अंथरूण चुलीपाशी गेलं. "जरा अडचन होईल," मामा म्हणाले. कुणाची, ते बोलले नाहीत.

मामांनी त्याच्या आदल्या हिवाळ्यात बैलजोडी म्हशाच्या जत्रेत विकली होती. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. दावं गेलं की घरची लक्ष्मी पाठोपाठ जाते म्हणतात. म्हणून मामा जत्रेतून आले ते दोन दावी आणि बैलाच्या गळ्यातली एक घंटा घेऊन. पुढे कित्येक दिवस ते सकाळी उठून रिकाम्या गोठ्यात जायचे, नुसते उभे राहायचे आणि परत यायचे.

गाडी आत आली आणि त्यांना काम मिळालं. एक दावं त्यांनी हँडलला बांधून खांबाला घातलं. घंटा पुढच्या मडगार्डला लटकवली, म्हणजे गाडी हलली की घर जागं. मागच्या चाकात साखळी आणि साखळीला हे भलं थोरलं कुलूप. गाडीची आणि कुलपाची, दोन्ही चाव्या कुठे? तर मामांच्या करगोट्याला! कमरेचा तो काळा दोरा माणूस जिवंतपणी काढत नाही. त्यामुळे कुलूप उघडायचं म्हणजे मामांनी उकिडवं बसायचं, पोट चाकाला लावायचं आणि चावी फिरवायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा चाकाच्या गळ्यात पडून रडतोय.

एवढी गाडी दारात, सॉरी, घरात असून आमचे हे भिवंडीकडच्या गोदामात शेअर रिक्षानं जायचे. का? तर "तिकडे पार्किंगमधून उचलतात गो!" म्हणजे चोरीला जाऊ नये म्हणून गाडी न्यायचीच नाही. वा रे शहाणे! पाहुणे आले की मामा त्यांना गाडी दाखवायचे, पाहुणे घंटा वाजवून बघायचे आणि मी चहा टाकायची. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली. मला मेली एक वेणी कुणी आणली नाही.

दसरा झाला आणि मला शहापूरच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. कोर्स मी लग्नाआधी मुरबाडला केला होता. ड्यूटी सकाळी सातची, आणि आमच्या फाट्यावर पहिली रिक्षा येते तेव्हा सात वाजून गेलेले असतात. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "सोमवारी सातला आलीस तर नोकरी तुझी. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे." दुसरी मुलगी नेहमीच तयार असते. ही नोकरी हातची गेली तर जन्मभर ओटीवर गाडीची धूळ पुसायची, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गाडी मला येते. माझं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याला. तिथल्या चढ-उतारावर भावानं शिकवली. सासरी कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. "बाबांना विचार," म्हणाला. हा ह्यांचा सगळ्या रोगांवरचा काढा.

मामांना विचारलं.

"नि रस्त्यात कुनी अडवलं तं?" ते म्हणाले.

"मला की गाडीला?"

"गाडीला गो," मामा अगदी निर्मळ मनानं म्हणाले.

शनिवारी एक पाहुणे आले. मामांनी हौसेनं साखळी सोडली, पोट हँडलला टेकवून गाडीची चावी फिरवली आणि ह्यांना गाडी चालू करून दाखवायला सांगितलं. हे किक मारून मारून घामाघूम, गाडी हूं की चूं करेना. सीट काढली तर खाली उंदरांचं बाळंतपण! गवत, माझ्या जुन्या साडीच्या चिंध्या, गुलाबी पिल्लं आणि कुरतडलेल्या वायरी. आम्ही रस्त्याकडे डोळे लावून बसलो आणि चोर घरातच जेवत होता. मेकॅनिक आला, वायरी जोडल्या, नवी बॅटरी घातली, घंटेकडे बघून हसला आणि गेला. मामांनी साखळी पुन्हा लावली.

मला रागच आला. मी म्हटलं, "मामा, बैल पावसाळ्यापासून खुंट्यालाच उभा ठेवला असतात तर?"

"पाय धरले असते त्याचे," मामा म्हणाले. "कामाचा नसता ऱ्हायला."

"मग?"

मामा गाडीकडे बघत बसले.

सोमवारी उजाडता उजाडता मी पांढरा युनिफॉर्म घालून बाहेर आले. चालत निघायचं, उशीर होणारच, डॉक्टरीणबाईंच्या पाया पडून बघायचं असं ठरवलं होतं. तेवढ्यात ओटीवर घंटा वाजली. मामा चाकापाशी उकिडवे बसून, पोट दाबून कुलूप उघडत होते. साखळी खाली पडली.

"विळी आन गो," त्यांनी सासूबाईंना हाक मारली. त्या घाबरून धावल्या. मामांनी चाव्यांपुरता दोरा कापला आणि चाव्या माझ्या हातावर ठेवल्या. त्यांच्या अंगाची ऊब होती त्यांना. मी फळीवरून गाडी अंगणात उतरवली.

"थांब!"

झालं, म्हटलं, फिरलं डोकं परत. मामा खाली आले. खांबापासून सुटलेलं दावं हँडलला तसंच लोंबत होतं. त्यांनी त्याची गाठ सोडली, दावं गुंडाळलं, आत नेऊन दुसऱ्या दाव्याशेजारी खुंटीला अडकवलं.

"दावं घरी ऱ्हातं," ते म्हणाले. "जा आता."

घंटा काढायची तशीच राहिली. दवाखान्याच्या फाटकात वॉचमन उठून उभा राहिला, बैल कुठून आला बघायला. मी त्याच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं. सात वाजायचे होते.