कुंपण काढणारे सबनीस साहेब

सबनीस साहेबांची साठी आली आणि त्यांच्यावर गौरवलेख लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मी कुंपणे घालणारा माणूस. शिवाय, खरे सांगायचे तर, यंदा थकलोही आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आखातात, कंपनीच्या पिकअपने मला अल कुसैस वस्तीतल्या खोलीवरून उचलून थेट वाळवंटात सोडले. साहेब गुडघे टेकून उंटाने ओरबाडलेले एक झुडूप पाहत होते. "बसा, आधी पाणी प्या," म्हणाले. काम त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले.

तिथले निम्मे कुरण सरकारी, निम्मे अबू सालेम या वयस्क उंटमालकांचे; सारे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. सरकारी बाजू राखायचे काम आमच्या कंपनीकडे; तिथे मी नकाशाप्रमाणे सरळ रेघेत कुंपण घातले आणि उंटांची विहिरीची वाट त्यात अडकली. उंट पलीकडे कोंडले गेले. एका हिवाळ्यात त्यांनी अबू सालेम यांचे कुरण मुळासकट खाल्ले. आमच्याकडे घाफ, म्हणजे आपली शमी, हिरवीगार; त्यांच्याकडे नुसती वाळू. माझी नोकरी गेली असेच मी धरून चाललो होतो.

साहेब अबू सालेम यांच्या बैठकीत गेले आणि म्हणाले, "गलती हमारी है." माझे नाव त्यांनी घेतले नाही. पुढे सहा वर्षे ते दर गुरुवारी जात राहिले. कॉफीचा रिकामा कप हलवला की पुरे, असा तिथला रिवाज. बोलणे लांबावे म्हणून साहेब कप हलवतच नसत. पित्त त्यांना तिथेच जडले. अखेर कुंपण निघाले, विहीर मोकळी झाली आणि दोन्ही बाजूंना उंट पाळीपाळीने चरू लागले. कागद नाही, सही नाही. सारे या दोघांच्या शब्दावर.

आता साठी झाली, व्हिसा संपला. अबू सालेम स्वतः ऑफिसात आले.

"सबनीस, मेरे फार्म पे रहो. व्हिसा मैं देगा."

"खलास, अर्बाब. अब थक गया." साहेबांचा इतका दमलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"फिर बात किससे करेगा? जमीन का क्या?"

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इससे. वो तार इसीने डाला था."

अबू सालेम शांतपणे म्हणाले, "मालूम है. पहले दिन से."

साहेब, आपल्याला निरोगी दीर्घायुष्य लाभो. घरी जाऊन पोटभर झोपा. गेल्या आठवड्यात मी अबू सालेम यांच्याकडे एकटाच गेलो होतो. कॉफी मिळाली. कप हलवला नाही, उठलोही नाही.