दमलेल्या विहिरीचं माप

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. पण आटपाडीच्या माळावर पाणी कुठं आहे नि कुठं नाही, हे मला विचारून गेलेली माणसं पुष्कळ. त्या उन्हाळ्यात गावात पाण्याचे शास्त्रज्ञ आले आणि मला साधं बोलावणं नाही. तरी गेलो. देवळापुढच्या मंडपात पहिल्या ओळीत बसलो.

पडद्यावर गावाचा नकाशा, निम्मा गाव तांबडा. बोलणारी बाई तिशीतली. तोंडात 'जलधर', 'पुनर्भरण', असले शब्द. ज्यांच्यासाठी ती घसा कोरडा करत होती, त्यातले निम्मे डुलक्या देत होते, उरलेले चहाची वाट बघत होते. गावची पाणी समिती खुर्च्यांवर. ह्यांनी विहिरीत डोकावल्याला जमाना लोटला, पण माना अशा डोलवत होते की बाईला ह्यांनीच शिकवून पाठवलंय.

शेवटी बाई म्हणाली, तांबड्या भागात नवी बोअर घेऊ नका, चार नंबरच्या विहिरीचं पाणी तर झपाट्यानं खाली जातंय.

चार नंबर म्हणजे माझी. बापानं सुरुंग लावून काळ्या दगडात काढलेली. तिला कुणी परक्यानं नंबर घालावा हेच मला सोसलं नाही.

"बाई, माप कवा घेतलं?"

"दोनदा, आजोबा. दोन्ही वेळा दुपारी बाराच्या सुमारास."

"त्या दोन्ही आठवड्यांत लाईट कवाची व्हती?"

तिला ठाऊक नव्हतं. शेतीची लाईट आमच्याकडं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे इतकं शिकून तिच्या कानावर आलं नव्हतं.

"दिवसपाळी व्हती. सकाळी आठला मोटर चालू, बाराला तुमी टेप सोडला. नांगर सोडल्या सोडल्या बैलाची ताकद जोखायची, तसलं हे. विहीर दमल्यावर मापता व्हय?"

मंडप हसला. समितीतला जो सगळ्यात जास्त मान डोलवत होता, तोच सगळ्यात जास्त हसला.

बाई चिडली नाही. वहीत लिहून घेत म्हणाली, "मग कधी मोजायचं?"

"लाईट यायच्या आधी, पाणी निवांत झाल्यावर. दर अक्षय्यतृतीयेला मी तसं बघतो आन् दगडावर छिन्नीनं रेघ मारतो. चाळीस वरसं झाली."

"काय सांगतात त्या रेघा?"

"त्या माझ्या हायत," म्हणालो आणि उठलो.

मंडपाबाहेर भावकीतला शेजारी चपला घालत होता. त्याचं रान माझ्या विहिरीला लागून.

"आबा, लय झ्याक केलंसा. नकाशा खोटा पाडलासा. मी त्यापायीच थांबलो व्हतो. परवा बोअरची गाडी बोलावतो. बांधालाच मारतो, तुमच्या विहिरीपासनं पन्नास पावलांवर."

"नकाशा खोटा म्हनलो न्हाई रं. माप चुकीच्या येळंला घेतलं म्हनलो."

"त्येच की."

त्येच की! बाई सांगते एक, लोक ऐकतात दुसरंच, म्हणून मी तिला हसत होतो. आणि ज्याच्याशी जन्मभर बांधाला बांध, त्याच्या डोक्यात मला एक वाक्य धड घालता आलं नाही. रेघा काय सांगतात ते मला पाठ होतं. पहिली रेघ आणि शेवटची रेघ ह्यांत दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर. चांगल्या पावसाच्या साली एखादी वर, की पुन्हा खाली. घरातही कधी बोललो नव्हतो. ज्याला गाव पाण्याचं विचारतं त्याचीच विहीर आटत चाललीय, हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं कसं? दगडावर कोरून ठेवलं आणि तोंड शिवून बसलो. तांबडा नकाशा लावून गावोगाव फिरणारी ती बाई माझ्यापेक्षा बरी.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला शाळेचं दार वाजवलं. ती मंडळी तिथंच उतरली होती. "टेप घ्या. लाईट आठला येती," एवढंच बोललो. वाटेत धार काढत बसलेल्या शेजाऱ्याला उठवून संगं घेतला. मी विहिरीत पुढं उतरलो, बाई मागनं. एकेका रेघेवर बोट ठेवून कुठली कुठल्या सालची ते सांगत खाली गेलो. टेपाचं टोक बाईच्या हातात, चकरी वर काठावर शेजाऱ्याच्या हातात दिली होती. दर रेघेला आकडा त्यालाच मोठ्यानं वाचायला लावला.