सुमनच्या वरातीला माझी दोन सीटची गाडी

मित्रांनो, शेजारच्या सुमनचं लग्न ठरल्याचं आज न्याहारीला कळलं आणि माझं सगळं उलटंपालटं झालं. कळलं कसं? वडिलांनी, म्हणजे आबांनी, माझी गाडी तिच्या वरातीला कबूल करून टाकली म्हणून!

कॉलेज सोडल्यापासून ही उघडी गाडी मीच सांभाळतोय. टपाचं कापड गळतं, कोयनेच्या घाटात गुडघे हनुवटीला लागतात. "दोघांच्या गाडीत आईबापानं कुठं बसायचं रं?" म्हणून सगळं कराड हसतं. हसू दे. शेजारची सीट मी सुमनसाठी राखली होती. तिला सांगायचं धाडस तेवढं झालं नाही.

"आवं आबा, दोनच सीटा हायत. चालवायची कुणी?"

"तूच. नवरानवरी मागं दुमडलेल्या टपावर बसतील. लय झ्याक दिसंल."

"आन् माझ्या शेजारी?"

"तितं गॅसबत्ती ठिवू."

गॅसबत्ती! सुमनच्या जागेवर!

"तितं सुमन बसली, तरच चालवीन!" मी ओरडलो.

आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडली. आबांनी पायताण शोधायला सुरुवात केली.

तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही वरात हाकली असती?

मी चावी खिशात घातली, बाहेर पडलो आणि दार धाडकन लावलं.